सुशी बारमधली पहिली संध्याकाळ: जळगाव-धुळ्याहून जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या घराघरातलं एक तरी पोर आता पुण्यात आहे. हिंजवडीत, नाहीतर चिंचवड-भोसरीत. आपण चार दिवस त्याच्याकडे राहायला गेलो की शनिवारी ते म्हणतं, "मामा, आज बाहेर जाऊ, मस्त जागा आहे." मग कोरेगाव पार्कातल्या किंवा मुंबईत बांद्रा-लोअर परळकडच्या मंद उजेडाच्या एखाद्या बारमध्ये आपल्यासमोर काळी पाटी येते. तिच्यावर भाताचे आठ गोल तुकडे, एक हिरवी गोळी, गुलाबी कापांची छोटी चळत आणि शेजारी दोन लाकडी काड्या.

मी जळगावचा. गेल्या काही वर्षांत भाच्यासोबत, मित्रांसोबत अशा जागी बऱ्याचदा गेलो आणि हे जेवण मला मनापासून आवडायला लागलं. पण पहिल्या वेळी आमच्या टेबलावर लाजेपोटी कोणी काही विचारलंच नाही आणि अर्धं जेवण तसंच राहिलं. तेव्हापासून घरातलं कोणी पहिल्यांदा निघालं की मी त्याला बसवून सगळं सांगतो. तेच इथे लिहितोय. यातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा, की या जागी विचारणाऱ्याचं जेवण चांगलं होतं. सुशी करणारा माणूस काउंटरपलीकडे समोरच उभा असतो, आणि आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की तो खुलतो.

निघण्याआधी

शुक्रवार-शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा. फोन केलाच आहे तर तेव्हाच विचारून घ्या की कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, आहे का, असला तर तो बिलातून वळता होतो का, नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला आत सोडतात का आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात. मेनू फोनवर मागवून घ्या आणि घरी निवांत वाचा. बारमधल्या अंधारात बारीक अक्षरं वाचताना घाई होते, आणि घाईत माणूस शेजारच्या टेबलावर दिसेल ते मागवतो.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. फुल पँट आणि बंद बूट घाला, बस्स.

ओळखपत्र मात्र प्रत्येकाने जवळ ठेवायचं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि जिन, व्होडका, व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी २५. म्हणजे तुमचा भाचा २३ वर्षांचा असेल, तर कायद्याने त्याला बिअर चालते, जिनचं कॉकटेल चालत नाही. नोकरी करतो, पगार कमावतो, म्हणून त्यात सूट नाही. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे तीन प्रकार आहेत. बऱ्याच बारमध्ये एक दिवसाचा परवाना तिथेच देतात. आपलं जाणं-येणं होणार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आजीवन परवाना काढून ठेवलेला बरा.

तारीखही बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे. निवडणुकीत मतदानाच्या सुमारासही बार बंद असतात.

आणि दुपारचं जेवण चुकवू नका. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत अवघडून, दुपारी नुसत्या चहा-बिस्किटावर राहून संध्याकाळी पहिला घोट घेतला, तर तो थेट डोक्यात जातो. वरण-भात, भाजी-पोळी, जे असेल ते नीट जेवून जा.

सुशी म्हणजे काय

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. सुशीचा जीव असतो भातात. चिकट जातीचा तांदूळ शिजवून त्यात तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलं की सुशीचा भात झाला. वर किंवा आत काहीही असो. काकडी असली तरी ती सुशीच. आणि नुसते कच्च्या माशाचे काप, भाताशिवाय आले, तर ती सुशी नव्हे, साशिमी.

याची सुरुवात मासा टिकवण्यापासून झाली. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचे. खाताना भात टाकून द्यायचे, मासा तेवढा खायचे. जपानमधल्या बिवा तलावाच्या काठी अजूनही तसं करतात. उन्हाळ्यात बरणीला दादरा बांधून वर्षभराचं लोणचं मुरवणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. आज आपण खातो ती ताजी, हाताने दाबलेली सुशी १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. ते रस्त्यावरच्या टपरीवरचं, उभ्याउभ्या हाताने खायचं खाणं होतं. ही एक गोष्ट मनात ठेवली की काळ्या पाट्यांचा आणि मंद दिव्यांचा दबाव बराच उतरतो.

मेनूवर भेटणारी नावं अशी. माकी म्हणजे नोरीत गुंडाळून कापलेला रोल. नोरी हे समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पान, पूर्ण शाकाहारी. उरामाकीत भात बाहेर आणि नोरी आत. आपल्याकडच्या बारमध्ये मिळणारे बहुतेक भरगच्च रोल याच जातीचे असतात. निगिरी म्हणजे भाताच्या लांबट मुटक्यावर ठेवलेला माशाचा किंवा भाजीचा काप. तेमाकी म्हणजे नोरीचा शंकू, पानाच्या विड्यासारखा हातात धरून खायचा. टेम्पुरा म्हणजे हलक्या पिठात बुडवून तळलेलं. आपली भजी बेसनाची, ही गव्हाच्या पिठाची. जपानमध्ये ही तळण्याची रीत पोर्तुगीजांसोबत गेली.

काय मागवायचं, कोणत्या क्रमाने

इथे आपली एक चांगली सवय आड येते. आपल्याकडे पाहुण्याच्या ताटातली शेवभाजी संपायच्या आत दुसरी वाटी हजर असते, आणि हॉटेलात गेलो तरी आपण सगळ्यांचं मिळून एकदम सांगून टाकतो. सुशीला ही रीत मानवत नाही. भात अंगाच्या उबेइतका कोमट असताना वाढतात. पंधरा-वीस मिनिटं पडून राहिला की तो घट्ट होतो, आणि कुरकुरीत नोरी ओल धरून चिवट होते. टेबलावर सहा पाट्या एकदम आल्या तर शेवटच्या तीन आपण शिळ्याच खातो. म्हणून दोन पाट्या मागवा, संपवा, मग पुढच्या दोन. वेटर "अजून काही?" म्हणाला तर "जरा थांबून सांगतो" एवढं पुरतं.

एका रोलचे सहसा सहा किंवा आठ तुकडे असतात, निगिरी बहुधा जोडीने येते. चार जणांना सुरुवातीला दोन रोल आणि एक एडामामे भरपूर झाले.

एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, उकडून मीठ लावलेल्या. आपल्या शिवारात सोयाबीन पेरतात, पण ओल्या शेंगा कोणी खात नाही. शेंग तोंडाला लावायची, दाणे दाताने आत ओढायचे, टरफल बाजूच्या वाटीत. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

त्यानंतर काकडीचा किंवा ॲव्होकाडोचा रोल घ्या. त्यात भाताची चव स्वच्छ कळते, आणि भात कसा आहे यावरून पुढे इथे किती मागवायचं तेही कळतं. दाणा वेगळा दिसला पाहिजे पण सुटता कामा नये, आणि आंबटपणा मागाहून हलकेच जाणवला पाहिजे. मग कोळंबी टेम्पुराचा रोल घ्या. कोळंबी तळलेली असते, त्यामुळे कच्च्याची भीती असलेल्यांनाही चालतो. त्यानंतर शिजवलेल्या कोळंबीची निगिरी, किंवा उनागी, म्हणजे गोडसर सॉस लावून भाजलेली ईल मासळी. हे सगळं पचलं, आवडलं, तर मग सॅमनची एक निगिरी. कच्च्या माशात सॅमन सगळ्यात सोपा. मऊ, तुपाळ, आणि वास जवळजवळ नाही. जपानी लोक स्वतःसुद्धा पूर्वी सुशीत कच्चा सॅमन घालत नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला सॅमन तिथे नेला आणि मग तो रुळला.

कच्च्या माशाबद्दल घरातली मोठी माणसं काळजी करतात आणि ती काळजी रास्त आहे. कच्चा वाढायचा मासा आधी खोल गोठवतात, उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ ला त्याहून कमी वेळ. त्यात जंत मरतात. "तुमचा सॅमन गोठवून आलेला आहे ना?" असं निःसंकोच विचारा. चांगल्या जागी याचं उत्तर लगेच मिळतं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर त्या दिवशी टेम्पुरावरच थांबा. गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे त्यांनी कच्चा मासा खाऊ नये. आणि हे बघून घरी कोणी तापी-गिरणेचा किंवा हतनूर धरणातला मासा कच्चा खाऊन बघायचं मनातही आणू नका. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे जंत असतात. तो शिजवूनच खायचा, आपण खातो तसाच.

शाकाहारी आणि माळकरी मंडळींसाठी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी माळकरी, एक तरी जैन आणि एक तरी "आज माझा गुरुवार" असतोच.

माझी वहिनी अमळनेरची, गळ्यात तुळशीची माळ. पुण्यातल्या एका बारमध्ये आम्ही सगळे गेलो होतो. मी वेटरला "दोन व्हेज" म्हणालो आणि निश्चिंत झालो. गरम मिसो सूप आलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप. पांढरट रस्सा, तळाशी टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, चौकोनी तुकडे, वर कांद्याची हिरवी पात. वहिनीने वाटी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "यामा मासा-बिसा नही ना, भाऊ?" मी म्हणालो, व्हेज सांगितलंय. तिने पुन्हा वास घेतला आणि वाटी सरकवून दिली. मग मी आत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की सूपचं मूळ पाणीच वाळवलेल्या माशाच्या किसाचं होतं. वेटरच्या हिशोबाने तुकडा नाही म्हणजे व्हेज. वहिनी काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिला तिथे घेऊन गेलो होतो मी. ती गोष्ट अजून मनात आहे.

म्हणून नुसतं "व्हेज" म्हणू नका. एकेक नाव घेऊन विचारा.

सूपमध्ये आणि सॉसमध्ये दाशी आहे का? दाशी म्हणजे ते मूळ पाणी. बहुतेक वेळा ते बोनिटो माशाचं असतं. नुसत्या कोंबू शेवाळाचं शाकाहारी दाशीही करतात, मागितलं तर काही जागी मिळतं.

रोलवर शिंपडलेले नारिंगी बारीक दाणे कसले? बहुधा ते तोबिको, म्हणजे माशाची अंडी. दिसायला रंगीत खसखस.

मेयोनीज अंड्याचं आहे का? तिखट मेयो बऱ्याच रोलांवर असतं.

तळणीचं तेल वेगळं आहे का? कोळंबी आणि रताळं एकाच कढईत तळलं जात असेल तर माळकऱ्याला ते चालायचं नाही. सुरी आणि पाट वेगळा घ्याल का, हेही त्याच वेळी सांगा.

आणि "क्रॅब स्टिक" नावाला खेकडा असला तरी तो पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून केलेला असतो. कॅलिफोर्निया रोलमध्ये बहुधा तोच. खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनी, दोघांनीही विचारून घ्यावं.

हे सगळं विचारून घेतलं की शाकाहारी माणसाला मागवण्यासारखं बरंच आहे. काकडी, ॲव्होकाडो, ॲस्परॅगस म्हणजे शतावरीचे कोंब, तळलेलं रताळं, शिताके मशरूम. जैन मंडळींनी रताळं आणि मशरूम वगळून काकडी-ॲव्होकाडोवर यावं, आणि गुलाबी काप आल्याचे असतात हे लक्षात ठेवावं.

ग्लासातही बघावं लागतं. व्हिस्की सावर नावाच्या कॉकटेलवर दिसणारा पांढरा मऊ फेस बऱ्याचदा अंड्याच्या पांढऱ्या भागाचा असतो. ब्लडी मेरीत वुस्टरशायर सॉस घालतात, त्यात अँकोव्ही मासा असतो. पिणारा पण अंडं-मासा न खाणारा माणूस आपल्याकडे कमी नाही. त्याने बारटेंडरला "अंडं नको, माशाचा सॉस नको" एवढं आधी सांगावं.

खायचं कसं

सुरुवातीला गरम ओला रुमाल येतो. त्याने हात पुसायचे, कारण यातलं बरंच हाताने खाता येतं. निगिरी हाताने खाणं ही जपानमध्ये जुनी, शिष्टसंमत रीत आहे. काड्या जमत नसतील तर सरळ हाताने उचला, कोणी नाव ठेवणार नाही. तरी शिकायचंच असेल तर घरी ताटलीत फुटाणे घेऊन बसा. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवायची, वरची पेनासारखी धरून तेवढीच हलवायची. दोन संध्याकाळी पुरतात.

दोन गोष्टी मात्र पाळा. भातात काड्या उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, आणि आपल्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही. पहिली रीत तिथे मृताला ठेवलेल्या भाताची, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. पिंडाचा भात आठवला की आपल्याला वेगळं समजवायला नको. घास द्यायचाच असेल तर ताटलीत ठेवा.

सोया सॉस छोट्या वाटीत अगदी थोडा ओता, तळ झाकेल इतका. निगिरी आडवी करून माशाची बाजू टेकवा, भाताची नाही. भात सॉस शोषतो, फुटतो आणि खारट होतो. वाटीत भाताची शितं तरंगायला लागली की समजा, सॉस जास्त होतोय. तुकडा एका घासात खायचा. अर्धा चावून ठेवला तर उरलेला सुटतो. गव्हाची ॲलर्जी असेल तर साधा सोया सॉस चालत नाही, त्यात गहू असतो.

आता ती हिरवी गोळी. वासाबी. आमच्या पहिल्या संध्याकाळी माझ्या एका मित्राने ती चटणी समजून अख्खी तोंडात टाकली आणि दोन मिनिटं त्याला श्वास धड घेता येईना. ठेच्याच्या आणि काळ्या मसाल्याच्या गावातला माणूस तो, तिखटाला घाबरणारा नव्हे. पण हे तिखट वेगळं. मिरचीचं तिखट जिभेवर बसतं आणि रेंगाळतं. वासाबीचा झणका वाफेसारखा वर चढून नाकात जातो, कारण तिच्यात झणका देणारं रसायन मोहरीतलंच आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी येतं ना, ते हेच. पाणी पिऊन फरक पडत नाही, अर्ध्या मिनिटात आपोआप ओसरतं. सुरुवातीला काडीच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढी घ्या. बहुतेक ठिकाणी मिळते ती खरी वासाबी नसतेच. हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग असतो. खरी वासाबी किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा सुगंध उडतो आणि ती महागही असते.

गुलाबी काप म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं आलं, गारी. ते सुशीवर ठेवून खायचं नाही. एका माशावरून दुसऱ्यावर जाताना मधे एक काप चावायचा, तोंड स्वच्छ होतं.

प्यायचं काय

सुशीची चव हळू असते. तिच्यासोबत गोड, मलईदार, जड कॉकटेल घेतलं की मासा आणि भात दोन्ही हरवतात. म्हणून पहिलं पेय हलकं घ्या. हायबॉल, म्हणजे उंच ग्लासात बर्फ, थोडी व्हिस्की आणि भरपूर सोडा. जपानमध्ये जेवणासोबत हे फार चालतं. किंवा जिन, लिंबू आणि सोड्याचं काहीतरी. नेग्रोनी, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड ही सगळी कडक. त्यांत सोडा-रस जवळपास नसतोच, सगळं मद्यच. ती जेवण झाल्यावर हळूहळू प्यायची. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये चहाचा थेंबही नसतो. पाच प्रकारची मद्यं असतात. नाव वाचून कोणी वहिनीसाठी मागवू नका.

बारसमोरची खुर्ची मिळाली तर बारटेंडरचे हात बघत बसा, मला ते फार आवडतं. ज्यात लिंबाचा रस आहे ते तो शेकरमध्ये जोरात हलवतो, म्हणजे हवा मिसळते आणि पेय धुरकट होतं. ज्यात नुसती मद्यं आहेत ते लांब चमच्याने शांत ढवळतो, म्हणजे ते काचेसारखं नितळ राहतं. बर्फाचा मोठा एकच खडा घालतात तो सावकाश वितळावा म्हणून. त्याला "मला आंबट आवडतं, फार गोड नको" एवढं सांगितलं तरी तो नीट काहीतरी करून देतो. चवीच्या भाषेत सांगा, नावं पाठ असायची गरज नाही.

साके हवी असेल तर एक कुपी दोघांत घ्या. ती तांदूळ आंबवून करतात, ताकद साधारण १५ टक्के, आणि लहान कुपी १८० मिलीची असते.

हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ६० मिली जिनच्या एका कॉकटेलमध्ये जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. साकेच्या त्या कुपीत पुन्हा २० च्या आसपास. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच हटवतं. म्हणजे दोन कॉकटेल उतरायला चार ते सहा तास लागतात. गोड आणि थंड असल्यामुळे घशाला काही कळत नाही, म्हणून दर ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या. आपला ग्लास सोडून उठायचं असेल तर ओळखीच्या माणसाकडे द्या, नाहीतर परत आल्यावर नवा घ्या.

न पिणाऱ्याने नुसतं पाणी घेऊन कोपऱ्यात बसू नये. मॉकटेल मागवा, किंवा गरम ग्रीन टी. सुशीसोबत चहाच खरा जुना जोडीदार.

बिल

बिलावर दोन कर दिसतात. खाण्यावर आणि मॉकटेलवर जीएसटी, स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, आणि महाराष्ट्रातल्या बार-परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. मोठ्या तारांकित हॉटेलांत हे दर चढे असतात. म्हणजे साध्या जागी खाणं २००० आणि पेयं १५०० असतील, तर २१०० आणि १६५० मिळून ३७५०. मेनूवरची किंमत वाचतानाच हा हिशोब करा.

सेवा शुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम केल्या. लावलं असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जेवण आणि वागणूक आवडली, तर तेच पैसे वेटरच्या हातात टीप म्हणून द्या.

परत येताना

गाडी चालवणार त्याने एक थेंबही घ्यायचा नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळीच १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅब किंवा रिक्षा करा. आणि त्याच रात्रीची जळगावची ट्रॅव्हल्स पकडायचा बेत आखू नका. भाच्याकडे मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी एखादी गाडी धरा किंवा दुपारची बस.

उरलेली सुशी डब्यात भरून गावाकडे आणायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्या उन्हात कच्चा मासा काही तासांत खराब होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर भात दगड होतो. आता आपल्याकडे एखाद्या हॉटेलच्या मेनूवर सुशी दिसली तर आनंदाने जा. मात्र समुद्र इथून लांब आहे, तेव्हा मासा गोठवलेला येतो का आणि कुठे ठेवतात ते विचारा, आणि उन्हाळ्यात भाजीचे नाहीतर शिजवलेले रोलच घ्या.

घरी एकदा करून बघा

बारला जाण्याआधी घरी एक रोल केला तर तिथे सगळं ओळखीचं वाटतं. जपानी तांदूळ मिळाला नाही तर इंद्रायणी घ्या, त्याचा चिकटपणा कामाचा आहे. दोन कप तांदूळ धुऊन, पाणी बेतानेच घालून शिजवा. ६० मिली तांदळाच्या व्हिनेगरमध्ये दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ विरघळवून ते गरम भातावर शिंपडा, आणि लाकडी उलथन्याने कापल्यासारखं फिरवा. घोटू नका. वर पंखा धरा, भात चकाकायला लागतो. नोरी मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळते.

आत काकडी तर घालाच, पण एका रोलमध्ये बामणोदच्या भरताच्या वांग्याचा गर घालून बघा. कपाशीच्या काट्यांवर नीट भाजलेला, पाणी पूर्ण निथळलेला, बिनतेलाचा, नुसतं मीठ आणि थोडं लिंबू. धुराचा तो वास आणि भाताचा आंबटपणा यांचं फार छान जमतं. वहिनीने तो रोल दोनदा मागून घेतला. भात लावताना हात पाण्यात बुडवून घ्या, नोरीची वरची कड बोटभर मोकळी सोडा, आणि कापताना दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर भात पात्याला चिकटून रोल फाटतो.